फळ धुतलं, पण धुणारं औषध गेलं का?

मित्रांनो, २०२० सालची टाळेबंदी तुमच्यातल्या मोठ्यांना चांगलीच आठवत असेल. छोट्यांनी तिच्या गोष्टी घरात ऐकल्या असतील. करोनाच्या त्या दिवसांत बाजारातून पिशवी घरी आली की एकच धांदल उडायची. कुणी सफरचंदं साबणाच्या फेसात बुडवायचं, तर कुणी द्राक्षांवर चक्क हाताला लावायचं सॅनिटायझर फवारायचं! शेवटी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला लोकांना सांगावं लागलं, की फळांवर आणि भाज्यांवर साबण किंवा जंतुनाशकं वापरू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

का बरं असं सांगितलं? जंतू मारणारी वस्तू चांगलीच की! मग ती फळाला लागली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. जंतू मारणारं औषध आपलं काम झाल्यावर फळावरून गेलं पाहिजे. ते तिथेच राहिलं, तर फळाबरोबर आपल्या पोटात जाणार. घरी आपण दोन-चार फळं धुतो. पण ज्या ठिकाणी रोज टनांनी फळं धुऊन, सोलून, कापून डब्यांत भरली जातात, तिथे काय करत असतील? औषध गेलं की राहिलं, हे तिथे कोण बघतं आणि कसं बघतं? चला, आज मनानेच अशा एका ठिकाणी चक्कर मारून येऊ.

टाकी एक, डाळिंबं हजार

सोललेल्या डाळिंबाच्या दाण्यांचा तो पारदर्शक डबा तुम्ही मोठ्या दुकानात पाहिला असेल. उघडायचा आणि खायचा, धुवायचीसुद्धा गरज नाही! सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर या भागांत डाळिंबाच्या बागा पुष्कळ. डाळिंबाच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही सोलापूरलाच आहे.

बागेतून आलेलं डाळिंब दिसायला कितीही लालबुंद असलं, तरी त्याच्या सालीवर माती असते, धूळ असते, पाखरांची घाणही असू शकते. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. तुम्ही म्हणाल, साल तर फेकूनच द्यायची आहे! पण सुरी सालीतूनच आत जाते ना? जाताना ती सालीवरचे जंतू बरोबर घेऊन आत जाते. म्हणून कापण्याआधी सबंध फळ धुवावं लागतं. सोलल्यावर दाणेही पाण्यात सोडतात. दाणे खाली बसतात आणि मधले पांढरे पापुद्रे वर तरंगतात, ते अलगद काढून टाकता येतात.

आता जरा डोकं चालवा. टाकीतल्या एकाच पाण्यात हजार डाळिंबं एकामागून एक जाताहेत. त्यातल्या फक्त एका डाळिंबावर वाईट जंतू होते. ते पाण्यात उतरले. आता ते उरलेल्या नऊशे नव्याण्णव डाळिंबांच्या अंगाला लागणार! म्हणजे आपण फळं धुतोय की जंतू वाटतोय?

हे घडू नये म्हणून पाण्यात जंतुनाशक घालतात. त्याचं खरं काम ऐकलंत तर गंमत वाटेल. फळाच्या अंगावर घट्ट चिकटलेले सगळे जंतू ते काही मारू शकत नाही. त्याचं मोठं काम म्हणजे टाकीतलं पाणी स्वच्छ ठेवणं. एका फळावरचा जंतू पाण्यात आला रे आला की दुसऱ्या फळापर्यंत पोहोचण्याआधी त्याला गाठायचं! पाण्याचा हा पहारेकरीच समजा ना.

पहारेकरी झोपला तर?

२०११ साली अमेरिकेत एक भयंकर घटना घडली. कोलोरॅडो राज्यातल्या एका शेतावरची खरबुजं खाऊन लोक आजारी पडू लागले. लिस्टेरिया नावाचा जंतू त्या फळांवर होता. २८ राज्यांतली १४७ माणसं आजारी पडली आणि त्यातली ३३ दगावली. तपासात दिसलं, की खरबुजं धुण्यासाठी बटाटे धुण्याचं जुनं यंत्र बसवलं होतं आणि ते नीट साफ करता येण्यासारखं नव्हतं. यंत्राला क्लोरीनच्या पाण्याचा फवारा जोडता येत होता, पण तो वापरलाच गेला नाही, असं पुढे सरकारने कोर्टात सांगितलं.

तेव्हा औषध नकोच, साध्या पाण्याने भागवू, असं मोठ्या टाकीच्या बाबतीत म्हणून चालत नाही. आणि फार घातलं तर ते फळावर राहण्याची भीती. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! या दोहोंच्या मधून वाट काढायची, तर सतत मोजत राहावं लागतं.

जुना दोस्त क्लोरीन

फळं धुण्यासाठी निरनिराळी जंतुनाशकं आहेत. पण सगळ्यांत जुना आणि स्वस्त दोस्त म्हणजे क्लोरीन. तुमच्या गावच्या विहिरीत किंवा पाण्याच्या टाकीत जी टीसीएल पावडर टाकतात, तिच्यातही तोच. पोहण्याच्या तलावाचा तो ओळखीचा वासही त्याचाच प्रताप.

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर होता. तिथे बाळंतपणाला आलेल्या बायका तापाने पटापट मरत होत्या. डॉक्टर मंडळी प्रेतं तपासून तशीच बाळंतिणींकडे जातात, हे त्याच्या ध्यानात आलं. हाताला येणारा प्रेताचा वास क्लोरीनच्या चुन्याने जातो, म्हणून त्याने सगळ्यांना त्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका दगावत होत्या, जूनमध्ये दोन! जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बिचाऱ्याने नाकावर भरवसा ठेवला आणि त्याचं नशीब, की तो बरोबर निघाला. आपल्याला मात्र नाकावर भरवसा ठेवता येणार नाही. का, ते पुढे येईलच.

पीपीएम म्हणजे काय रे भाऊ?

धुण्याच्या पाण्यात क्लोरीन साधारण ५० ते २०० पीपीएम ठेवतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. सोपं करून सांगायचं, तर एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम.

आता एक गणित सोडवा पाहू. टाकीत १००० लिटर पाणी आहे आणि त्यात १०० पीपीएम क्लोरीन हवा. लिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे १००० लिटरला १०० ग्रॅम. बाजारात सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन मिळतात. त्यातल्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम क्लोरीनचा जोर असेल, तर किती ओतायचं? बरोबर, एक लिटर! हे उत्तर लक्षात ठेवा हं, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

पण एकदा ओतलं आणि काम झालं, असं नसतं. डाळिंब फुटून रस पाण्यात उतरला, माती आली, पापुद्रे आले, की क्लोरीन त्यांच्याशीच झुंजत बसतो आणि खर्ची पडतो. सकाळी १०० पीपीएम असलेलं पाणी बघता बघता १० वर येऊ शकतं. पाणी आंबट आहे की खारं, यावरही त्याचा जोर ठरतो. सामू, म्हणजे तुमच्या पुस्तकातला पीएच, साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तर तो चांगलं काम करतो. सामू चढला की तो ढिला पडतो. फार उतरला तर क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो आणि कामगारांच्या डोळ्यांत, घशात जळजळ सुरू होते.

म्हणून टाकीपाशी कुणीतरी हातात वही घेऊन उभं असतं. ठरलेल्या वेळाने पाण्यात चाचणीची पट्टी बुडवायची, रंग बघायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची.

पट्टी निळी का होते?

या पट्टीची गंमत तुम्ही शाळेत शिकलेली आहे! बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की काळा-निळा रंग येतो, आठवतं? पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, ओळखायची ती परीक्षा. पट्टीवर स्टार्च लावलेला असतो आणि आयोडीन क्षाराच्या रूपात बांधून ठेवलेलं असतं. पाण्यात क्लोरीन असला, की तो आयोडीनला मोकळं करतो, ते स्टार्चला भेटतं आणि पट्टी निळी होते. जितका क्लोरीन जास्त, तितका रंग गडद.

थोडाच क्लोरीन मोजायचा असेल, तर डीपीडी नावाची पूड घालतात. पाणी गुलाबी होतं. गावच्या नळाच्या पाण्याला ओटी टेस्टचे थेंब टाकतात, तेव्हा पिवळा रंग येतो. सगळ्यांची युक्ती एकच: न दिसणाऱ्या क्लोरीनला रंगाने बोलतं करायचं.

यात एक खोडी आहे, बरं का. क्लोरीन फारच जास्त असला, तर तो आलेला रंगच उडवून टाकतो! गुलाबी व्हायला हवं होतं ते पाणी पांढरंच राहतं. नवखा माणूस म्हणेल, "क्लोरीन संपला, ओता आणखी!" शहाणा माणूस मात्र तेच पाणी स्वच्छ पाण्यात पातळ करतो आणि पुन्हा तपासतो.

दाणे धुऊन झाले की शेवटी पिण्याच्या पाण्याने खळबळतात आणि निथळतात. त्या शेवटच्या पाण्यातही क्लोरीन तपासायचा. तो पिण्याच्या पाण्याइतकाच निघाला, की क्लोरीन गेला म्हणायचं. उरलासुरला हवेत उडून जातो, फळाच्या रसात संपतो.

झालं तर मग! पट्टी पांढरी, वास नाही, फळ साफ. गोष्ट संपली?

नाही दोस्तांनो, खरी गोष्ट इथेच सुरू होते.

न दिसणारा पाहुणा

हायपोक्लोराइटचा कॅन उन्हात किंवा पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये बरेच दिवस पडून राहिला, तर त्याचा जोर कमी होतो. आपल्याला वाटतं, क्लोरीन उडून गेला असेल. पण त्यातला काही भाग कॅनमध्येच असतो, वेष बदलून! हायपोक्लोराइटचे तीन कण एकत्र येतात आणि त्यांतून दोन क्लोराइड आणि एक क्लोरेट तयार होतो. क्लोराइड तर आपल्या रोजच्या मिठातलंच, त्याची काळजी नाही. काळजी क्लोरेटची. आणि तापमान दहा अंशांनी चढलं, तर हा बदल तीन-चार पट वेगाने होतो. मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा!

आता मघाचं गणित काढा. ताज्या कॅनमधलं एक लिटर पुरत होतं. जुन्या कॅनचा जोर निम्मा झालाय. मग १०० पीपीएमसाठी किती ओताल? दोन लिटर. पट्टी म्हणेल, छान, १०० पीपीएम. वहीत आकडाही बरोबर लिहिला जाईल. पण त्या दोन लिटरांबरोबर पुष्कळसा क्लोरेट टाकीत गेला, त्याचं काय?

त्याचं पट्टीला काहीच कळत नाही. क्लोरेटला वास नाही, रंग नाही. तो क्लोरीनसारखा हवेत उडून जात नाही. पाण्यात विरघळून फळाच्या अंगाला लागतो आणि पाणी वाळलं तरी तो तिथेच राहतो. पट्टी पांढरी पडली म्हणून तो गेला, असं समजलात तर फसलात!

क्लोरेटने बिघडतं काय? गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं. म्हणून तर आपण आयोडीनचं मीठ खातो, नाहीतर गलगंड होतो. क्लोरेट दीर्घकाळ पोटात जात राहिला, तर तो ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. २०१५ साली युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने याचा अभ्यास करून सांगितलं, की ज्या मुलांना आधीच आयोडीन कमी मिळतं, त्यांच्या बाबतीत जास्त काळजी हवी. शरीरात जाणारा क्लोरेट सर्वांत जास्त पिण्याच्या पाण्यातून येतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तेव्हा फळाला एकट्यालाच दोष द्यायला नको.

युरोपात क्लोरेट पूर्वी तण मारायला वापरत. २००८ साली ती परवानगी संपली. मग अन्नातली त्याची मर्यादा आपोआप किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरली गेली. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! पण शेतात तण मारायला कुणी वापरत नसतानाही क्लोरेट सापडतच राहिला, कारण तो धुण्याच्या पाण्यातून येत होता. शेवटी २०२० साली युरोपने वेगवेगळ्या पदार्थांसाठी वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या.

शोधलं तरच सापडतं

दहा कोटींतला एक भाग शोधायचा कसा? त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. फळाचा नमुना गोठवून बारीक करतात. मिथेनॉल नावाच्या द्रवात थोडं आम्ल घालून त्यात तो घुसळतात, म्हणजे क्लोरेट द्रवात उतरतो. मग तो द्रव एका महागड्या यंत्रात सोडतात. यंत्राच्या बारीक नळीत निरनिराळे पदार्थ एकमेकांपासून सुटे होतात आणि पुढे त्यांच्या कणांचं वजन होतं. वजनावरून यंत्र ओळखतं: हा क्लोरेट! यंत्र फसू नये म्हणून नमुन्यात थोडा खुणेचा क्लोरेट घालतात. त्यातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो, म्हणून तो ओळखू येतो.

पण यंत्र कितीही हुशार असलं, तरी आपण सांगू तेच ते शोधतं. हा धडा महाराष्ट्राने एकदा चांगलाच शिकलाय. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांत शेतातल्या औषधांचे अंश आहेत का, या तपासणीचं मुख्य ठिकाण ते. असं असूनही २०१० साली आपल्या द्राक्षांत युरोपला क्लोरमेक्वाट नावाचं वाढ रोखणारं औषध सापडलं. ते तपासण्याच्या यादीतच नव्हतं! द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचं फार मोठं नुकसान झालं. त्यानंतर ते यादीत आलं. ते काही फळ धुण्याचं औषध नव्हतं. पण धडा तोच: ज्याची तपासणी केली नाही, ते नाही असं म्हणता येत नाही.

असंच आणखी एक उदाहरण. फळं ज्या पट्ट्यांवरून आणि क्रेटमधून जातात, ती धुवायला बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी जंतुनाशकं वापरतात. ती वस्तूला चिकटून राहतात. २०१२ च्या सुमारास युरोपात ती फळांत, भाज्यांत सापडू लागली. फळाला कुणी ती लावलीच नव्हती! क्रेट धुतला, पण पुन्हा साध्या पाण्याने खळबळला नाही, एवढंच निमित्त. २०१४ साली त्यांच्यासाठीही किलोला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा आली.

उपाय अगदी साधा

गंमत बघा, क्लोरेट शोधायला महागडं यंत्र लागतं, पण तो होऊ नये म्हणून काय लागतं? सावली! हायपोक्लोराइट थोडं थोडं आणायचं, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचं, कॅनवर तारीख घालायची, आधी आलेला कॅन आधी संपवायचा. टाकीतलं पाणी वेळेवर बदलायचं. शेवटचं खळबळणं घाईत उरकायचं नाही. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी पेरासिटिक आम्ल वापरतात. त्याचं काम झाल्यावर व्हिनेगरमधलं आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. पण तेही मोजूनच घालावं लागतं. अमेरिकेत फळं धुण्याच्या पाण्यात ते ८० पीपीएमच्या वर चालत नाही.

तेव्हा दाण्यांचा डबा उघडाल, तेव्हा टाकीशी उभ्या असलेल्या त्या माणसाची आठवण काढा. त्याच्या पट्टीवर, वहीवर आणि कॅनवरच्या तारखेवर तुमचा डबा अवलंबून आहे.

करून पाहा

फळाचा रस जंतुनाशकाला कसा खाऊन टाकतो, ते घरी बघता येतं. मात्र मोठ्या माणसाला बरोबर घ्या.

एका काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास पाणी घ्या. त्यात जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे चार-पाच थेंब टाका. पाणी पिवळसर तपकिरी होईल. आता भाताची गार झालेली पेज चमचाभर घाला. पाणी काळं-निळं झालं? हीच ती पट्टीची परीक्षा! आता लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाकत ढवळा. थोड्या वेळाने रंग नाहीसा होईल. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीन संपवलं. धुण्याच्या टाकीत फळाचा रस क्लोरीनचं असंच करतो. पुन्हा आयोडीनचे थेंब टाका, रंग परत येईल. टाकीवरचा माणूस दिवसभर हेच करत असतो.

ते पाणी पिऊ नका, ओतून द्या आणि ग्लास साबणाने धुवा. या प्रयोगासाठी घरातलं ब्लीच मुळीच घेऊ नका. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू होतो.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. घरी फळं वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, तेवढं पुरे. कापण्याआधी धुवा, कापल्यावर नको. साबण आणि सॅनिटायझर हातांसाठी ठेवा. कापलेल्या फळांच्या डब्याला पोहण्याच्या तलावासारखा वास आला, तर खाऊ नका, दुकानदाराला परत द्या. पण हे सगळं वाचून फळं खायची सोडू मात्र नका!

आता सांगा पाहू: तुमच्या गावात टीसीएल पावडरची पोती कुठे ठेवतात, सावलीत की उन्हात? पाण्याची ओटी टेस्ट कोण करतं आणि आकडा कुठे लिहून ठेवतं? एक दिवस जाऊन विचारून तर या.